वस्तऱ्याच्या पाठीवरील चिकटपट्टीचा अवशेष : कारणे आणि निराकरण

घडीच्या वस्तऱ्याला दगडावर धार लावताना त्याच्या पाठीवर चिकटपट्टी लावण्याची पद्धत युरोप-अमेरिकेतील जुने वस्तरे जपणाऱ्या मंडळींत आज चांगलीच रूढ आहे. धार लावण्याचे काम संपले म्हणजे ही पट्टी काढून टाकावयाची असते. परंतु पुष्कळदा पट्टीबरोबर तिच्यावरील चिकटद्रव्य सर्वस्वी निघून येत नाही. त्याचा एक करडा, चिवट थर पोलादावर मागे राहतो. हा थर कसा काढावा, हा प्रश्न वरवर पाहता अगदी क्षुल्लक वाटतो. तथापि एखाद्या चुकीच्या विद्रावकाने शंभर वर्षांपूर्वीच्या वस्तऱ्याची मूठ काही मिनिटांत कायमची विद्रूप होऊ शकते, आणि अशी मूठ पूर्ववत करण्याचा कोणताही उपाय नाही, हे ध्यानी घेतले म्हणजे या प्रश्नाचे गांभीर्य लक्षात येते. बहुवारिकांचे रसायन शिकणाऱ्यास तर हा प्रश्न विशेष बोधप्रद ठरावा. चिकटण्याची क्रिया, थराचे तुटणे, विद्राव्यता व विसरण या साऱ्या विषयांची एकाच लहानशा वस्तूवर येथे गाठ पडते.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे की, चिकटद्रव्य कशाने विरघळते एवढेच विचारून येथे भागत नाही. त्याच द्रवाने शेजारचे काय विरघळणार नाही, हाही प्रश्न तितक्याच काळजीने विचारावा लागतो. या दोन प्रश्नांची उत्तरे एकत्र पाहिली म्हणजे सर्वसामान्य माणूस ज्या विद्रावकाकडे प्रथम हात नेतो, तोच येथे सर्वांत अयोग्य असल्याचे दिसून येते.

पट्टी लावण्याचे प्रयोजन

वस्तऱ्याचे पाते पाचरीच्या आकाराचे असते. त्याच्या एका बाजूस जाड पाठ आणि दुसऱ्या बाजूस धार असते. पाते दगडावर आडवे ठेवले असता पाठ व धार ही दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकतात. त्यामुळे धारेचा कोन कारागिराच्या हाताच्या कसबावर अवलंबून न राहता पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांच्या प्रमाणावरून ठरतो. चाकूला धार लावताना जो कोन हाताने सांभाळावा लागतो, तो वस्तऱ्याच्या घडणीतच बांधलेला असतो. जर्मनीतील झोलिंगेन, इंग्लंडमधील शेफील्ड आणि फ्रान्समधील तिएर या पोलादी हत्यारांच्या प्रसिद्ध केंद्रांत तयार झालेले वस्तरे याच तत्त्वावर घडविलेले आहेत.

एक उदाहरण घेऊ. पाठीचा दगडाला टेकणारा भाग धारेपासून १८ मिलिमीटर अंतरावर असून तेथे पाठीची जाडी ४.८ मिलिमीटर असल्यास धारेचा एकूण कोन सुमारे १५.३ अंश येतो. मात्र या रचनेत धारेबरोबर पाठही झिजते. वारंवार धार लावल्याने पाठीच्या दोन्ही बाजूंस चकचकीत, सपाट पट्टे उमटतात आणि पाठीवर कोरीव नक्षी वा सोन्याचा मुलामा असल्यास तो नाहीसा होतो. ही झीज टाळण्यासाठी पाठीवर विजेच्या तारांना गुंडाळण्याची पीव्हीसी चिकटपट्टी बसविण्यात येते. पट्टीची जाडी ०.१८ मिलिमीटर असेल, तर वरील उदाहरणात दोन्ही बाजूंची मिळून वाढ ०.३६ मिलिमीटर होते आणि कोन १६.५ अंशांच्या जवळपास जातो. म्हणजे एका पट्टीने कोनात सुमारे १.२ अंशाचा फरक पडतो. पट्टी लावावी की लावू नये, याविषयी जाणकारांत मतभेद आहेत. पाठ व धार बरोबरच झिजावीत हीच मूळ योजना होती, असा एक पक्ष आहे. जुन्या वस्तूचे रूप जपणे अधिक महत्त्वाचे, असा दुसरा. तो वाद येथे प्रस्तुत नाही. पट्टी लावली गेली आणि तिचा अवशेष राहिला, येथून पुढचा विचार करावयाचा आहे.

हा अवशेष तसाच राहू देणे तीन कारणांनी अनिष्ट आहे. पहिले कारण असे की, धार लावताना दगडाचा गाळ आणि पोलादाचे सूक्ष्म कण या चिकट थरात रुततात. असा वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर फिरविला असता हे कण चामड्यात उतरतात आणि पुढे प्रत्येक वेळी धारेला ओरखडे पाडीत राहतात. दुसरे असे की, थराच्या कडेखाली पाणी अडकून राहते. वस्तऱ्याचे जुने पोलाद उच्च कार्बनयुक्त असून त्यात गंजरोधक क्रोमियम पुरेसे नसते. त्यामुळे अशा जागी, विशेषतः कोकणासारख्या दमट हवेत, गंज लवकर धरतो. तिसरे असे की, थराची जाडी सर्वत्र सारखी नसते. एका बाजूस ०.०३ मिलिमीटर जाडीचा थर राहिला, तरी त्या बाजूचा कोन सुमारे एक दशांश अंशाने बदलतो आणि पुढच्या खेपेस दगड धारेवर सर्वत्र सारखा लागत नाही.

चिकटपट्टीची घडण

दाबाने चिकटणाऱ्या पट्टीचा इतिहास जुना आहे. रबराचा वापर केलेली चिकट वैद्यकीय पट्टी अमेरिकेत १८४५ साली एकस्वाने संरक्षित झाली. रिचर्ड ड्रू यांनी थ्री-एम कंपनीत १९२५ साली रंगकामासाठी कागदी चिकटपट्टी आणि १९३० साली सेलोफेनची पारदर्शक पट्टी तयार केली. विजेच्या कामासाठी वापरावयाच्या पीव्हीसी पट्टीचा जन्म त्यानंतरचा, १९४० नंतरच्या दशकातील होय. शुद्ध पीव्हीसी ताठ व ठिसूळ असते. ते मऊ व लवचीक व्हावे म्हणून त्यात मोठ्या प्रमाणात मार्दवकारी द्रव मिसळावा लागतो. हा द्रव बहुवारिकाच्या साखळ्यांशी रासायनिक बंधाने जोडलेला नसतो. तो त्यांच्यामध्ये केवळ सामावलेला असतो. म्हणून काळाच्या ओघात तो पट्टीतून शेजारच्या चिकटद्रव्यात पाझरू शकतो. पहिल्या संशोधकांना हाच दोष सर्वांत अधिक जाचला, आणि तो पुष्कळसा आटोक्यात आला तरी समूळ नाहीसा झालेला नाही.

या पट्टीवरील चिकटद्रव्य सामान्यतः रबराधिष्ठित असते. त्यात नैसर्गिक वा संश्लेषित रबर हा सांगाडा असतो आणि राळेसारखी लहान रेणूंची रेझिने त्याला चिकटपणा देतात. केवळ रबर पुरेसे चिकटत नाही व केवळ रेझिन ठिसूळ असते. दोहोंच्या मिश्रणातच इष्ट गुण उतरतो. असे मिश्रण द्रवाप्रमाणे थोडे वाहते आणि स्थायूप्रमाणे थोडा ताणही सोसते. पृष्ठभागावरील बारीक खाचाखळग्यांत हलक्या दाबाने शिरण्यासाठी ते पुरेसे मऊ असावे लागते. हा मऊपणा मोजण्याचा जो निकष कार्ल डालक्विस्ट यांच्या नावाने ओळखला जातो, त्यानुसार द्रव्याचा कर्तन-स्थितिस्थापकता गुणांक सुमारे ३ लक्ष पास्कलपेक्षा कमी असला तरच ते सहज दाबाने चिकटते. म्हणजेच चिकटद्रव्य मऊ असणे ही त्याच्या चिकटण्याची अट आहे, आणि हाच मऊपणा अवशेष राहण्याचेही मूळ आहे.

अवशेष का राहतो

पट्टी सोलून काढताना तुटण्याच्या तीन जागा संभवतात. पोलाद आणि चिकटद्रव्य यांच्या सीमेवर फारकत झाली, तर पाते स्वच्छ राहते. चिकटद्रव्य आणि पट्टी यांच्या सीमेवर झाली, तर संपूर्ण थर पात्यावर राहतो. चिकटद्रव्य स्वतःच मधोमध फाटले, तर अर्धा थर इकडे व अर्धा तिकडे राहतो. पहिल्या प्रकारात पोलादाशी असलेले आसंजन हरते, तर तिसऱ्या प्रकारात द्रव्याची अंतर्गत संसक्ती हरते. जे बल दुर्बल असेल ते प्रथम तुटावे, हा साधा नियम येथे लागू पडतो.

तथापि या दोन बलांची तुलना स्थिर नसते. ती वेगावर आणि तापमानावर अवलंबून असते. पट्टी अगदी सावकाश ओढली असता चिकटद्रव्याला वाहण्यास अवधी मिळतो. ते तारांच्या रूपाने लांबते, शेवटी मध्येच तुटते आणि अवशेष मागे ठेवते. तीच पट्टी अधिक वेगाने ओढली असता द्रव्याला वाहण्यास वेळ मिळत नाही. ते स्थितिस्थापक स्थायूप्रमाणे वागते आणि पोलादापासून अखंड सुटते. बहुवारिकांच्या बाबतीत तापमान कमी करणे हे वेग वाढविण्यासारखे असते. या समतुल्यतेचे सुप्रसिद्ध समीकरण विल्यम्स, लँडेल व फेरी यांनी १९५५ साली मांडले. त्यावरून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. पट्टी ऊन करून काढल्यास ती हलक्या हाताने निघते खरी. पण चिकटद्रव्याची संसक्ती कमी झाल्याने अवशेष अधिक राहतो. पट्टी थंड करून, एका संथ व अखंड परंतु सावकाश नव्हे अशा वेगाने काढल्यास बल थोडे अधिक लागते, पण पाते स्वच्छ राहण्याची शक्यता वाढते.

पाते दिव्याच्या वा शेगडीच्या ज्योतीवर धरणे तर सर्वस्वी वर्ज्य मानले पाहिजे. वस्तऱ्याच्या पोलादाचे पाणी ज्या तापमानाला उतरवून स्थिर केलेले असते, ते साधारणतः २०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. धारेजवळचे पोलाद कागदासारखे पातळ असल्याने ज्योतीत ते काही क्षणांतच या मर्यादेपलीकडे तापते व आपला कठीणपणा गमावते. हे नुकसान कोणत्याही दगडाने भरून निघत नाही.

धार लावण्याच्या प्रक्रियेमुळे आणखी काही कारणांची भर पडते. दगडावरील प्रत्येक फेरीत पट्टीवर कर्तनबल येते आणि चिकटद्रव्य पट्टीच्या कडेबाहेर थोडे थोडे सरकते. दगडाचा गाळ त्याला मिळून करडी रेघ तयार होते. ही रेघ पट्टीबरोबर निघून येणे शक्यच नसते. त्यातच काम संपल्यावर पट्टी दिवसेंदिवस तशीच राहिली, तर मार्दवकारी द्रव चिकटद्रव्यात पाझरून त्याला अधिक मऊ करतो, आणि संसक्ती आणखी ढासळते. म्हणून काम संपताच पट्टी काढणे हा अवशेष टाळण्याचा सर्वांत स्वस्त उपाय होय.

विद्रावकाची निवड

समान समानाला विरघळविते, हे सूत्र रसायनाच्या विद्यार्थ्यास परिचित आहे. जोएल हिल्डब्रँड यांनी विद्राव्यता प्राचलाच्या रूपाने या सूत्राला संख्यात्मक आधार दिला. द्रवाच्या रेणूंना एकमेकांपासून विलग करण्यास प्रति घनफळ जी ऊर्जा लागते, तिचे वर्गमूळ म्हणजे हे प्राचल. दोन पदार्थांची प्राचले जितकी जवळ, तितके ते एकमेकांत मिसळण्याची शक्यता अधिक. मेगापास्कलच्या वर्गमुळात व्यक्त केल्यास नैसर्गिक रबराचे प्राचल सुमारे १६.६ येते. हेप्टेनचे १५.३, सायक्लोहेक्झेनचे १६.८, टोल्यूइनचे १८.२, ॲसिटोनचे सुमारे २०, इथिल अल्कोहोलचे सुमारे २६ आणि पाण्याचे सुमारे ४८ आहे.

या आकड्यांवरून पहिली गोष्ट स्पष्ट होते ती अशी की, साबणाच्या पाण्याने दगडाचा गाळ धुतला जाईल, पण रबर विरघळणार नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. नखांचा रंग काढण्याच्या द्रवाच्या रूपाने घरोघरी आढळणारे ॲसिटोन हे रबराचे विद्रावक नव्हे. किंबहुना रबराच्या रासायनिक विश्लेषणात रबरातील रेझिने व इतर लहान रेणूंचे पदार्थ वेगळे काढण्यासाठी ॲसिटोनच वापरतात, ते रबराला हात लावीत नाही म्हणूनच. चिकटद्रव्याच्या अवशेषावर ॲसिटोन लावले असता रेझिन विरघळते व रबराचा सांगाडा निस्तेज, कोरडा, तुकडे होणारा असा मागे राहतो. तो घासून काढता येतो, हे खरे. परंतु या अर्धवट लाभासाठी जी किंमत मोजावी लागते तिचा विचार पुढे येईल.

तिसरी गोष्ट अशी की, रबराच्या जवळचे प्राचल असलेले हायड्रोकार्बन द्रव येथे योग्य ठरतात. सिगारेट पेटविण्याच्या लायटरमध्ये भरावयाचा हलका नॅफ्था, हेप्टेन, मिनरल टर्पेंटाइन हे सारे या वर्गातले. खनिज तेलही याच कुळातले आहे. फक्त त्याचे रेणू मोठे असल्याने ते संथपणे काम करते. टोल्यूइन रबराला चांगले विरघळविते, परंतु त्याचे बाष्प विषारी असल्याने एवढ्या लहान कामासाठी ते वापरण्याचे समर्थन करता येत नाही.

येथे वेळेचाही हिशेब करणे उपयुक्त ठरेल. द्रवाला थरातून आरपार जाण्यास लागणारा काळ थराच्या जाडीच्या वर्गाला विसरणांकाने भागून अंदाजता येतो. थर ०.०३ मिलिमीटर जाडीचा आणि लहान हायड्रोकार्बन रेणूंचा रबरातील विसरणांक दर सेकंदास एक चौरस मीटरचा १०० कोटी कोटीवा नव्हे, तर १,००० कोटीवा भाग एवढा धरल्यास हा काळ सुमारे दहा सेकंद येतो. मोठ्या रेणूंच्या तेलासाठी विसरणांक त्याच्या शंभरावा भाग धरला, तर तोच काळ पंधरा मिनिटांवर जातो. हे केवळ परिमाणाचे अंदाज आहेत, पण त्यांतून कृतीची दिशा कळते. हेप्टेनसारखा द्रव उघड्यावर काही सेकंदांतच उडून जातो. तेव्हा तो थेंबाने टाकून लगेच घासण्यात अर्थ नाही. भिजविलेला कापूस थरावर अर्धा मिनिट टेकवून ठेवला पाहिजे. तेल लावल्यास मात्र घाई न करता ते पंधरा-वीस मिनिटे तसेच राहू द्यावे. रबराच्या साखळ्या एकमेकींशी काही ठिकाणी जोडलेल्या असल्यास थर विरघळत नाही, केवळ फुगतो; परंतु फुगलेल्या थराची पोलादावरील पकड सैल होते आणि तो पुसून काढता येतो.

सर्वच पट्ट्या रबराधिष्ठित नसतात, हेही येथे नमूद केले पाहिजे. कचेरीतील पारदर्शक पट्टीवर आज बहुधा ॲक्रिलिक चिकटद्रव्य असते. ते रबरापेक्षा अधिक ध्रुवी असल्याने हायड्रोकार्बनपेक्षा अल्कोहोलने अधिक मऊ पडते. पॉलिइमाइडच्या पातळ, पिवळसर पट्टीवर पुष्कळदा सिलिकोन चिकटद्रव्य असते आणि त्यावर अल्कोहोलचा फारसा परिणाम होत नाही. पट्टीचा प्रकार ठाऊक असणे म्हणूनच आवश्यक आहे.

मुठीचे द्रव्य

पोलाद कोणत्याही सेंद्रिय विद्रावकाला दाद देत नाही. म्हणून केवळ पात्याचा विचार करणाऱ्यास सर्व विद्रावक सारखेच निर्धोक वाटतात. परंतु वस्तऱ्याचे पाते मुठीतच फिरते. पाठीवरून ओघळलेला थेंब पात्याच्या शेपटावरून खिळ्यापाशी आणि तेथून मुठीच्या दोन पट्ट्यांमधील फटीत सहज उतरतो. तेथे तो दिसत नाही आणि लवकर उडूनही जात नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या कितीतरी वस्तऱ्यांच्या मुठी सेल्युलॉइडच्या आहेत. हस्तिदंत, कासवाचे कवच व शिंग यांचे हुबेहूब अनुकरण या द्रव्यात साधत असे. सेल्युलॉइड हे सेल्युलोज नायट्रेट आणि कापूर यांचे मिश्रण होय. सेल्युलोज नायट्रेटचे विद्राव्यता प्राचल सुमारे २१ ते २२ असून ॲसिटोन हे त्याचे उत्तम विद्रावक आहे. ॲसिटोनचा थेंब पडताच मुठीची झिलई जाते, पृष्ठभाग चिकट होतो आणि बोट लागल्यास त्याचा ठसा कायमचा उमटतो. म्हणजे जे ॲसिटोन रबराला विरघळवीत नाही, तेच मुठीला विरघळविते. याउलट हेप्टेन रबराच्या जवळ आणि सेल्युलोज नायट्रेटपासून दूर आहे. विद्रावक कसा निवडावा याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधून सापडणे कठीण.

अल्कोहोलच्या बाबतीत अधिक सावधगिरी हवी. एकट्या प्राचलावरून पाहता ते सेल्युलोज नायट्रेटपासून दूर दिसते. पण ते कापूर विरघळविते आणि सेल्युलॉइडला मऊ करून त्याची झिलई घालविते. शिवाय, ईथर आणि अल्कोहोल यांच्या मिश्रणात सेल्युलोज नायट्रेट विरघळवूनच कलोडियन तयार करतात. एकाचे प्राचल कमी, दुसऱ्याचे जास्त. मिश्रणाचे मात्र नेमके मध्यावर येते. यावरून असा बोध घ्यावयाचा की, स्वतंत्रपणे सौम्य असलेले दोन द्रव एकत्र केल्यास सौम्यच राहतील, याची शाश्वती नाही. म्हणून सेल्युलॉइडच्या सान्निध्यात द्रव मिसळून वापरू नयेत. हायड्रोकार्बन द्रवही थोडाफार कापूर ओढून घेतात. तेव्हा तेही मुठीपासून दूरच ठेवणे श्रेयस्कर.

मूठ सेल्युलॉइडची आहे किंवा नाही, हे ओळखण्यासाठी ती बोटाने जोराने चोळावी. ऊब लागताच कापराचा मंद वास आल्यास ती सेल्युलॉइडची समजावी. जाळून पाहण्याची परीक्षा कदापि करू नये, कारण हे द्रव्य अत्यंत ज्वालाग्राही आहे. इतर द्रव्यांचे स्वभाव निरनिराळे आहेत. बेकेलाइट विद्रावकांना चांगले तोंड देते. ॲक्रिलिकच्या मुठीत खिळ्याभोवती ताण साठलेला असतो आणि अल्कोहोल लागल्यास तेथे बारीक चिरा पडू शकतात. ॲसिटोनने तर ते विरघळतेच. लाकडी मुठीवर लाखेचे पॉलिश असल्यास अल्कोहोलने ते निघून जाते. शिंग पाण्याने फुगते व वाकते. हाड आणि हस्तिदंत सच्छिद्र असल्याने विरघळलेला मळ त्यांच्या आत ओढला जाऊन डाग पडतो.

प्रत्यक्ष कृती

वरील विवेचनावरून कृतीचा क्रम आपोआप ठरतो. सौम्य उपाय प्रथम, उग्र उपाय नंतर, आणि पुढचा उपाय मागचा अपुरा पडला तरच, असा हा क्रम आहे.

प्रारंभी मुठीवर व खिळ्यावर कोरडे फडके गुंडाळून घ्यावे. पाते टेबलावर आडवे, धार स्वतःपासून दूर करून ठेवावे आणि पुसण्याची प्रत्येक हालचाल पाठीच्या रेषेतच, शेपटाकडून टोकाकडे करावी. फडके धारेवरून आडवे नेल्यास फडक्याबरोबर बोट कापण्याचा आणि नुकतीच लावलेली धार बिघडण्याचा असा दुहेरी धोका संभवतो.

पहिला उपाय विद्रावकाशिवायचा आहे. त्याच पट्टीचा नवा तुकडा अवशेषावर घट्ट दाबून झटक्याने उचलावा. चिकटद्रव्याचे चिकटद्रव्याशी सख्य पोलादापेक्षा अधिक असल्याने जुना थर पुष्कळदा नव्या तुकड्याबरोबर निघून येतो. असे तीन-चार वेळा केल्यावर जे उरेल ते बोटाच्या टोकाने चोळून वळ्या करून काढावे, किंवा बांबूच्या काडीने खरवडावे. पोलादी हत्यार अथवा घासण्याची भुकटी वापरू नये. तिने सोन्याचा मुलामा आणि कोरलेली अक्षरे पुसट होतात.

दुसरा उपाय तेलाचा. खनिज तेलाचा हलका हात अवशेषावर फिरवून ते पंधरा-वीस मिनिटांनी पुसावे. खनिज तेल नसल्यास खोबरेल चालेल, कारण त्यातील मेदाम्ले बहुतांशी संपृक्त असून ते हवेत सहसा घट्ट होत नाही. जवसाचे तेल मात्र टाळावे. हवेतील ऑक्सिजनने त्याचे बहुवारिकीकरण होऊन स्वतःच एक चिवट पापुद्रा बनतो. रंगकामात त्याचा जो गुण, तोच येथे दोष ठरतो.

तिसरा उपाय हलक्या हायड्रोकार्बन द्रवाचा. कापसाचा बोळा भिजवून, निथळणार नाही इतका पिळून, तो अर्धा मिनिट अवशेषावर टेकवावा आणि मग पुसावे. प्रत्येक वेळी बोळ्याची स्वच्छ बाजू घ्यावी. अन्यथा विरघळलेले रबर एका जागेवरून दुसरीकडे पसरते. हे काम खिडकी उघडी ठेवून, ज्योत व ठिणगी यांपासून दूर करावे. हेप्टेनच्या द्रवावरील बाष्प उणे ४ अंशांच्या सुमारास, ॲसिटोनचे उणे २० अंशांच्या सुमारास आणि शुद्ध इथिल अल्कोहोलचे १३ अंशांच्या सुमारास पेट घेऊ शकते. म्हणजे आपल्याकडील कोणत्याही ऋतूत हे तिन्ही द्रव खोलीच्या तापमानाला धोकादायकच असतात. वापरलेले बोळे उघड्यावर वाळू द्यावे.

शेवटी पात्यावर तेलाचा जो पुसट थर राहतो, तो चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा फिरविण्यापूर्वी कोरड्या फडक्याने काढावा. मुठीचे द्रव्य अनुमती देत असेल तर अल्कोहोलचा ओझरता हात फिरविण्यास हरकत नाही. मात्र औषधाच्या दुकानातील अल्कोहोलमध्ये पुष्कळदा पाण्याचे प्रमाण बरेच असते, हे विसरू नये. पाते लगेच कोरडे करणे अगत्याचे आहे. वस्तरा ठेवून द्यावयाचा असल्यास खनिज तेलाचा अगदी पातळ हात देऊन ठेवावा.

समारोप

भारतात केशकर्तनालयांतून आता बदलावयाच्या पात्यांचे वस्तरे वापरात आहेत आणि दगडावर धार लावावयाचा वस्तरा बहुतेक ठिकाणी जुन्या वस्तूंत जमा झाला आहे. म्हणूनच जे वस्तरे शिल्लक आहेत, त्यांची निगा राखताना चूक होऊ न देणे अधिक महत्त्वाचे ठरते. बिघडलेल्या मुठीच्या जागी तशीच दुसरी मिळत नाही.

वरील विवेचनाचा सारांश असा : अवशेष राहतो तो चिकटद्रव्याची संसक्ती आसंजनापुढे हरल्यामुळे, ती हरू नये म्हणून पट्टी काम संपताच, थंड असताना व अखंड वेगाने काढावी. अवशेष राहिलाच, तर रबराच्या जवळचे आणि मुठीच्या द्रव्यापासून दूरचे असे विद्रावक निवडावे, आणि त्याला थरात शिरण्यास आवश्यक तेवढा अवधी द्यावा. ॲसिटोन या दोन्ही कसोट्यांवर उतरत नाही. चिकटपट्टीचे डाग पडलेली जुनी कागदपत्रे, छायाचित्रे वा वाद्ये स्वच्छ करतानाही हेच दोन प्रश्न पुढे येतात : काय काढावयाचे आहे, आणि काय राखावयाचे आहे. त्यांपैकी दुसऱ्याचे उत्तर हाती येईपर्यंत बाटलीचे बूच उघडू नये.